मारियाकडं जायचं नाही

बारा वर्षं दुबईत काढून आलेल्या माणसाच्या बायकोला दुबईबद्दल काय ठाऊक असावं? मेहताबला ठाऊक होतं ते एवढंच की तिथं ऊन फार, पाणी विकत, आणि नवरा तिथं असतो. नवरा परत आला तेव्हा त्यातलं तिसरंही गेलं. राहिलं ऊन आणि पाणी, आणि त्यासाठी मिरजगाव सोडून कुठं जायची गरज नव्हती.

अमजद तिथं एसी दुरुस्त करायचा. परत आल्यावर त्यानं हायवेला फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं, मागं घर. कुणी विचारलं, अमजदभाई, दुबई कशी हाय, तर म्हणायचा, "काय सांगायचं, काम हुतं." एवढं बोलून स्क्रू काढायला लागायचा. विचारणारे दमले. मेहताब तर सगळ्यात आधी दमली. तिनं मनाची समजूत घातली होती की हा माणूसच अबोल आहे, दगडाला पाझर फुटेल पण याला नाही, आणि एकदा ही समजूत घातल्यावर तिचं बरं चाललं होतं. चार वर्षं बरं चाललं. मग थंडीत धाकटा दीर अझहर आणि त्याची बायको इन्शा यांचं उमऱ्याला, म्हणजे मक्केला, जायचं ठरलं आणि सगळा घोटाळा झाला.

नगरच्या एजंटानं तिकीट काढलं होतं ते असं की येताना विमान दुबईत बदलायचं. सकाळी उतरायचं, रात्री परत बसायचं. मधला एक दिवस मोकळा. एजंट म्हणाला, व्हिसा काढून देतो, हिंडून घ्या. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असताना दोघं नवराबायको ओसरीवर येऊन बसले आणि अझहर म्हणाला, "भाई, एका दिवसात काय काय बघून हुईल?"

आणि दगडाला पाझर फुटला हो. पाझर कसला, धरणाची दारं उघडली.

"सकाळी उन्हाच्या आत खाडीवर जायचं," अमजद म्हणाला. "टॅक्सी करू न्हाई. आधी अबऱ्यात बसायचं. हिकडच्या काठावरनं तिकडच्या काठाला. काठाला बसायचं, मधी न्हाई. पाण्यावर पाखरं येतात पांढरी, हातातला पाव घेऊन जातात. पलीकडं उतरलं की मसाल्याचा बाजार, त्याच्या मागं सोन्याचा. सोनं बघायचं, घ्यायचं न्हाई. मंग चहा प्यायचा. तसला चहा हिकडं न्हाई मिळत, वेलदोडा घालून घट्ट आटवतात. मी शुक्रवारचा तिथं बसायचो, काठावर. लाकडी जहाजं लागलेली असायची, त्यात फ्रिज भरायचे, गाद्या भरायच्या, कुठं कुठं जायची ती."

चहा घेऊन मेहताब उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातातला ट्रे तसाच राहिला. हा माणूस काठावर बसायचा? याला पाखरं दिसायची? एवढी वाक्यं एका दमात बोलता येतात याला?

इन्शा डी.एड. झालेली, चष्मा लावणारी, तरतरीत बाई. तिनं मोबाइलवर फोटो शोधून दाखवायला सुरुवात केली आणि अमजद तिच्या मोबाइलमध्ये वाकून बोट लावायला लागला: ही गल्ली, ही मशीद, हे मेट्रोचं स्टेशन, ह्या मेट्रोला ड्रायव्हरच न्हाई, पुढच्या डब्यात बसा, काचेतून समदं दिसतंय. सासू होती तेव्हा धाकट्या सुनेची थोरल्या दिरासमोर बसण्याची टाप नव्हती. आता इन्शा बसत होती, विचारत होती, हसत होती, आणि अमजद सांगत होता. त्याचा चेहरा असा उजळला होता की मेहताबला आठवेना, आपल्या लग्नात तरी हा असा दिसला होता की नाही.

"अबरा म्हंजे काय?" तिनं मधेच विचारलं.

इन्शा हसली. वाईट हेतूनं नाही, पण हसली. "भाभी, तुमी दुबईवाल्याच्या बायको, आन तुमाला अबरा म्हाईत न्हाई? होडी असती लाकडी."

मेहताबच्या अंगाचा तिळपापड झाला. इन्शाला दुबई बघायला मिळतेय याचं तिला काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाटत होतं, चांगलं सणसणीत पोटात दुखत होतं. पण ते दुखणं ओळखीचं होतं. जावेची नवी साडी, जावेचा नवा मिक्सर, त्याच जातीचं. हे दुसरं दुखणं नवीन होतं. आपल्या नवऱ्याकडं सांगण्यासारखं एवढं होतं आणि त्यातलं एक अक्षर आपल्याला मिळालं नाही, हे ते दुखणं. तिनं ट्रे ठेवला आणि आत जाऊन उगीच डबे घासायला काढले. पण कान बाहेरच होते.

"दुपारी कुठंतरी मॉलमधी खाऊ," अझहर म्हणत होता.

"मॉलमधी कशाला? करामा म्हणून वस्ती हाय, दुपारचं जेवायला तिथं मारियाकडं जायचं."

"कोण मारिया?" इन्शानं विचारलं.

"श्रीरामपूरची हाय. मेस चालवती. बाजरीची भाकरी करती, ठेचा करती. मी फोन करून ठेवतो तिला."

"भाई, भाकरी खायाला दुबईला जायचं व्हय?"

"बाकीचं काय पण सोडा," अमजद म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा हलला, "पण मारियाकडं जायचंच."

आतमध्ये डब्याचं झाकण मेहताबच्या हातून निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं.

ती दोघं गेल्यावर तिनं विचारलं. सरळच विचारलं, आडून बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "किती वर्षं जेवत हुता तिच्याकडं?"

"पहिल्यापासनं. का?"

"तिचा नवरा काय करतो?"

"हाय कुठंतरी हिकडं. सोडून दिलं त्यानं तिला." एवढं बोलून तो दुकानात गेला आणि कुणाच्या तरी फ्रिजखाली आडवा झाला.

झालं. मेहताबच्या तोंडचं पाणी पळालं. बारा वर्षं. नवऱ्यानं टाकलेली बाई, हाताला चव असलेली. सोन्याचा बाजार सोडा, उंच बिल्डिंगी सोडा, पण तिच्याकडं जायचंच. मग आपल्याला बारा वर्षं काय मिळालं? शुक्रवारचा फोन.

तो फोन कसा असायचा ते सांगायला हवं. घरात मोबाइल एकच, तो सासूच्या कमरेच्या पिशवीत. शुक्रवारी नमाजनंतर तो वाजला की सासू अंगणात बाजेवर बसायची, स्पीकर लावायची आणि सगळं घर गोळा व्हायचं. दीर, नणंदा, शेजारची कडूबाईसुद्धा. सगळ्यांनी एकेक वाक्य बोलायचं. मोठ्यांच्या देखत सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. मेहताब नळापाशी उभी राहायची, हातात बादली किंवा पोरगं. सासू शेवटी म्हणायची, "सून बरी हाय, काम करती." फोन बंद. स्वतःचा मोबाइल मेहताबच्या हातात आला तोवर दोघांची बोलायची सवयच मोडली होती. पैसे मिळाले का, मिळाले. पोरगी पास झाली का, झाली. मग हं, आणि मग बरं.

आणि तिकडं मारिया गरम भाकरी वाढत होती.

उमऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी इन्शा घरोघर फिरली. ही आपल्याकडची चाल तुम्हाला ठाऊक असेल. मक्केला जाणारा माणूस निघण्याआधी सगळ्यांची माफी मागतो. कधी बोलून दुखावलं असेल, कधी वागून दुखावलं असेल, ते इथंच मिटवून निघायचं. लोकही मोकळ्या मनानं म्हणतात, माफ केलं, आमच्यासाठी दुवा करा. दोन मिनिटांचं काम. इन्शा सगळी गल्ली करून शेवटी मेहताबकडं आली, डोक्यावर ओढणी नीट घेऊन तिच्यासमोर खाली बसली आणि तिनं मेहताबचे हात धरले.

"भाभी, कह्या-सुन्याची माफी द्या. त्या दिवशी मी हसले, तुमाला लागलं. मला कळलं हुतं, पण बोलता आलं न्हाई."

ती हे मनापासून म्हणत होती. मेहताबलाही ते दिसत होतं. आणि तरीही तिनं आपले हात सोडवून घेतले.

"देते माफी," ती म्हणाली. "पण मारियाकडं जायचं न्हाई."

इन्शा तिच्याकडं बघतच राहिली. "भाभी, माफीला अट लावतात का?"

"मी लावतीय."

"भाईजाननी फोन करून ठेवलाय तिला. ते विचारतील. काय सांगू? उमरा करून येताना खोटं बोलू?"

"खोटं कशाला बोलती? वेळच मिळू देऊ नको."

इन्शाला उठून जाता आलं असतं. पण एक माणूस मनात किंतू ठेवून मागं राहिलंय म्हटल्यावर तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता. मेहताबला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिनं ती वेळ साधली. इन्शाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "बरं भाभी. न्हाई जात."

"मंग माफ केलं," मेहताब म्हणाली. आपलं आपल्यालाच ते वाक्य किडक्या शेंगदाण्यासारखं कडू लागलं तिला. पण मनाशी म्हणाली, लागू दे.

दुबईचा दिवस उजाडला तशी घराच्या ग्रुपवर फोटोंची रांग लागली. होडी. पाखरं. पाखरांना पाव देणारी इन्शा. खिडकीत टांगलेले सोन्याचे हारच्या हार. अमजद दुकानात कुणाचं मशीन उघडं टाकून एकेक फोटो बघत होता आणि आत येऊन मेहताबला दाखवत होता, म्हणजे आता तिलाही दाखवत होता. "हे बघ, ह्याच्या मागं माझी खोली हुती." ती "हं" म्हणायची. दुपारी त्यानं दोनदा विचारलं, "मारियाकडचा फोटो कसा न्हाई आला अजून?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. मोबाइल चार्जिंगला लावून तो असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजला गेला.

तो गेला आणि फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं: मारिया मेस.

मेहताबनं तो वाजू दिला. बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. मग तिनं उचलला. बघू तरी कशी बोलते, हे तिच्या मनात होतं, मी लपवत नाही.

"अमजदभाई, अवो पोरं कुठं राहिली?" पलीकडचा आवाज जाडसर, खरखरीत. "सकाळधरनं वाट बघतीय. पोरगी फोन उचलंना. वाट चुकली का काय?"

"ते नमाजला गेलेत," मेहताब म्हणाली. "फोन घरी राहिला."

मग त्या आवाजानं विचारलं, "मेहताबभाभी का?"

"व्हय. तुमी कसं वळखलं?"

"आता तुमचा आवाज न्हाई वळखायचा तर कुणाचा? दर शुक्रवारी ऐकलाय." मारिया हसली. "माझ्या मेसमधी रेंज मिळायची ती फकस्त गॅसपाशी. तिथं हुबं राहून फोन लावायचे, स्पीकरवर. म्हातारी बोलायची, भाऊ बोलायचा, तवर आमी आपले वाढत असायचो. पण मागनं तुमचा आवाज आला की अमजदभाई हात वर करायचे. मंग समद्यांनी गप बसायचं. केरळची माणसं, नेपाळची, पाकिस्तानची, तोंडात घास तसाच धरून गप. त्यास्नी काय कळतंय आपलं? पण बसायची. तुमी म्हणायच्या, पाणी आलं, बादल्या लावा. शेळी सुटली, धरा. एवढंच. आन फोन ठेवला की ते आमाला सांगायचे, आज तिला सर्दी झालीय. आज रागावलीय कुणावर तरी. आज बरी हाय."

मेहताब खाली बसली. भिंतीला टेकून, फरशीवरच.

"ऐकताय न्हवं?" मारिया म्हणाली. "मी म्हटलं, आज त्या घरची पोरगी येतीय, तर जरा नीट करावं. तीळ लावून भाकरी केल्या. हिकडं आमच्या गावाकडचं कोण येतंय मला भेटायला? ह्या पोरांस्नी सुदीक सांगितलं, अमजदभाईची माणसं येणारेत, तर दोघं-तिघं अजून बसल्यात."

मेहताबच्या तोंडाशी "ट्रॅफिक" हा शब्द आला होता. तो तिनं गिळला. "मी बघते," ती म्हणाली. "मी फोन करते तिला."

इन्शानं मात्र पहिल्याच रिंगला फोन उचलला. मागं वाऱ्याचा आवाज, गाड्यांचा आवाज, माणसं ओरडत होती.

"इन्शा, तू आत्ताच्या आत्ता मारियाकडं जा. माझं ऐक. टॅक्सी कर."

"भाभी, आता कसं जाऊ?" इन्शा रडकुंडीला आली. "आमी वाळवंटात हाय. मीच यांच्या मागं लागले, म्हटलं जीपमधी बसून वाळू बघू. एकदा गाडी आत आली की अंधार पडेपर्यंत सोडत न्हाईत. तिथनं थेट विमानतळावर. तुमी म्हणाल्या हुत्या न्हवं, वेळच मिळू देऊ नको. मी न्हाई मिळू दिला."

मेहताबनं पुन्हा मारियाला फोन लावला. या वेळी तिनं सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबली असती तर जमलं नसतं. "ती न्हाई येणार. वाट न्हाई चुकली. मीच अडवलं तिला, माफीच्या टायमाला वचन घेतलं. मला वाटलं, तुमचं आन त्यांचं काही असंल."

मागं भांडी वाजत होती. कुणीतरी हिंदीत विचारलं, आ रहे क्या, आणि मारिया त्याला नाही म्हणाली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "भाकरी गार झाल्या, एवढंच." आणि फोन बंद झाला.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याचा आपल्यावर जीव होता हे कळल्यावर बाई सुखावली असेल. सुखावली का? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. परक्या मुलखातल्या खोलीभर माणसांना जे ठाऊक होतं ते तिला एकटीला ठाऊक नव्हतं. तिच्या सर्दीची चौकशी नेपाळी माणसं करत होती. आणि तिचा आवाज ऐकताना त्याचं तोंड कसं दिसायचं, ते बघायला मिळालं कुणाला, तर मारियाला. शुक्रवारामागून शुक्रवार. एवढी ती आयुष्यात कुणावर जळली नसेल. आणि जिच्यावर जळत होती, त्याच बाईच्या भाकरी तिनं गार केल्या होत्या. हे दोन्ही एकाच वेळी छातीत मावेना तिच्या.

अमजद आला. टोपी काढून खुंटीला लावली आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल शोधायला लागला. तो तिच्या मांडीवर होता.

"कुणाचा फोन हुता?"

"मारियाचा. इन्शा तिच्याकडं गेली न्हाई. मी जाऊ दिलं न्हाई." आणि तिनं सगळं सांगितलं, माफीचं, अटीचं, जीपचं, भाकरीचं.

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं, तिला चिडता आलं असतं. तो नुसता तिच्यासमोर खाली बसला. "लई वाईट झालं," म्हणाला. "तिनं सकाळधरनं केलं असंल." मग, "मला विचारायचं हुतंस."

"कधी विचारायचं? तुमी माझ्याशी बोलला कधी? आवाजावरनं माझी सर्दी कळायची तुमाला. मंग मला का न्हाई सांगितलं? आल्यावर तरी? चार वर्षं झाली की."

अमजदनं मान खाली घातली. दुकानात कुणीतरी "अमजदभाई" म्हणून हाक मारली, त्यानं ओ दिली नाही.

"तिकडं सांगायला सोपं जायचं," तो म्हणाला. "मारियाला सांगताना काही वाटायचं न्हाई. ती तू न्हवतीस."

मेहताबला ते लागलं. चांगलं खोल लागलं, कारण ते खरं होतं. ती उठली, दुकानाकडचं दार तिनं लावून घेतलं, गिऱ्हाइकाला आतूनच सांगितलं, उद्या या. मग परत येऊन त्याच्यासमोर बसली.

"आता मला सांगा," ती म्हणाली. "तिला सांगितलं ते समदं, पहिल्या शुक्रवारपासनं. मी जळत बसते, तुमी सांगा."